पट्टेदार पाम हवाय? आधी पोगा बघा

हिरव्या झावळीवर मलईसारखा पांढरा किंवा पिवळा पट्टा असलेला पाम एकदा पाहिला की तो डोक्यातून जात नाही. त्यातून तो थंडी सोसणारा, म्हणजे पारा शून्याखाली गेला तरी उघड्यावर तग धरणारा असेल, तर हाव आणखी वाढते. अडचण अशी की ही झाडं ठरवून तयार करता येत नाहीत, त्यांचं कलम होत नाही, छाट लावून ती जगत नाहीत. आणि 'व्हेरिगेटेड', म्हणजे पट्टेदार, म्हणून जे दाखवलं जातं त्यातली बरीच रोपं नुसती उपाशी किंवा आजारी असतात. या नादाला नव्याने लागणाऱ्याला कुठून सुरुवात करायची, काय टाळायचं आणि हाती लागलेलं रोप जगवायचं कसं, ते पुढे सांगितलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. पामच्या एका खोडाला वाढीचा बिंदू एकच असतो. तो शेंड्याच्या गाभ्यात, पानांच्या तळांनी झाकलेला असतो. झुडपाची फांदी छाटली तर खालचा डोळा फुटतो, पण पामचा हा बिंदू मेला की ते खोड संपलं. पट्टा राहणार की जाणार हेही इथेच ठरतं. उघडलेलं पान काही महिन्यांपूर्वी गाभ्यात काय चाललं होतं ते दाखवतं. सध्या काय चाललंय ते बघायचं तर मधलं न उघडलेलं पान, म्हणजे पोगा, बघावा लागतो.

पट्टा येतो कुठून

पानाचा हिरवा रंग पेशींतल्या हरितलवकांमुळे येतो. वाढीच्या बिंदूतल्या एखाद्या पेशीत असा बदल होतो की तिच्या लवकांना हरितद्रव्य बनवताच येत नाही. ती पेशी विभागत राहते आणि तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी पांढऱ्या किंवा पिवळ्या निघतात. शेजारच्या धडधाकट पेशींची वंशावळ हिरवीच राहते. एकाच झाडात असे दोन प्रकारचे पेशीसमूह नांदतात तेव्हा त्याला कायमेरा म्हणतात. पामच्या पानात शिरा लांबीच्या दिशेने धावतात आणि पेशींच्या रांगाही त्याच दिशेने वाढतात, म्हणून पांढऱ्या वंशाची रांग उभा पट्टा होऊन उमटते.

बदललेल्या पेशी बिंदूत कशा बसल्या आहेत यावर पट्टा किती टिकेल ते ठरतं. बिंदूतल्या पेशींचे थर असतात. एक अख्खा थर पांढऱ्या पेशींचा झाला असेल तर रचना टिकाऊ असते आणि प्रत्येक पान जवळपास सारखं निघतं. पांढऱ्या पेशी पाचरीसारख्या वरपासून खोलवर एका बाजूला बसल्या असतील तर रोपाची एक बाजू पांढरी, दुसरी हिरवी असं होतं. हे बरेच दिवस टिकतं, पण भरवसा नसतो. तिसरा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. त्यात एकाच थरातला लहानसा तुकडा पांढरा असतो. दोन-चार पानांवर सुंदर रेघ येते, मग हिरव्या पेशी त्या तुकड्याला बाजूला सारतात आणि रोप कायमचं हिरवं होतं. बियांच्या ट्रेमध्ये दिसणाऱ्या बहुतेक रेघा या तिसऱ्या जातीच्या असतात.

आणखी एक बारकावा इथेच सांगतो. पामच्या पानाचा तळ खोडाला पूर्ण वेढा घालतो, पण पातं मात्र एकाच दिशेला निघतं आणि प्रत्येक नवं पान आधीच्या पानापासून थोडं वळून येतं. त्यामुळे अरुंद पांढरी पाचर एका पानात पात्याच्या मधोमध दिसते, पुढच्यात कडेला, आणि त्यापुढच्यात फक्त देठाच्या तळाशी वेढ्यावर. पातं हिरवं आलं म्हणून लगेच रडायचं कारण नाही. देठाचा तळ आणि त्याचा वेढा बघा. तिथे पांढरी रेघ असेल तर खेळ अजून चालू आहे.

कोणत्या जातीपासून सुरुवात करावी

नवशिक्याने राफिस एक्सेल्सा, म्हणजे लेडी पाम, हाच पहिला घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. थंडी सोसण्यात तो या यादीत मागे आहे. साधारण उणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची हद्द संपते. पण तो बेटाने वाढतो, जमिनीखालून फुटवे देतो आणि फुटवा वेगळा करून पट्ट्यासकट नवं रोप मिळतं. जपानमध्ये एडो काळापासून (१६०३ ते १८६८) या पामच्या बुटक्या आणि पट्टेदार जाती निवडून, नावं देऊन जपल्या आहेत. झुइकोनिशिकी, नान्झाननिशिकी, आयानिशिकी, चियोदाझुरू ही त्यांतली काही नावं. म्हणजे इथे शोध नशिबावर सोडावा लागत नाही, नाव घेऊन मागता येतं. एकाच नावाच्या दोन रोपांत पट्ट्यांचं प्रमाण मात्र वेगळं असू शकतं, तेव्हा नावाला भुलून न पाहता घेऊ नका.

खऱ्या अर्थाने थंडी सोसणाऱ्यांत सगळ्यांची नजर असते ती विंडमिल पामवर, म्हणजे ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनायवर. मोठं, रुजलेलं हिरवं झाड उणे १५ अंशांच्या आसपासपर्यंत जाऊ शकतं. जगभर तो बियांपासून प्रचंड संख्येने वाढवला जातो, त्यामुळे रोपांच्या गर्दीत पट्टेदार रोप निघण्याची संधी याच जातीत जास्त. तोटा एकच, पण मोठा: खोड एकटं असतं, फुटवे येत नाहीत. हातातलं रोप गेलं की तो पट्टा जगातून गेला.

कॅमेरॉप्स ह्युमिलिस हा भूमध्य सागराकाठचा बेटाने वाढणारा पाम उणे १० अंशांच्या आसपास झेपतो. फुटवे देतो, म्हणून एखाद्या बेटात पट्टेदार फुटवा दिसला तर तो जपण्याची सोय आहे. त्याचा निळसर-चंदेरी प्रकार 'अर्जेंटिया' पानावरच्या मेणाच्या थरामुळे तसा दिसतो. त्याचा व्हेरिगेशनशी काही संबंध नाही. नीडल पाम, म्हणजे रापिडोफायलम हिस्ट्रिक्स, थंडीचा खरा बादशहा. उणे २० अंशांपर्यंतची थंडी त्याने सोसलेली आहे आणि तोही फुटवे देतो, पण वाढ इतकी संथ की पट्टेदार रोपासाठी फार मोठा धीर हवा. साबल मायनर थंडीत जवळपास त्याच पंगतीतला. त्याचा वाढीचा बिंदू जमिनीखाली राहतो, ही हिवाळ्यात मोठी जमेची बाजू.

पिनांगा किंवा लिक्युआला 'मापू' यांच्या ठिपकेदार, नक्षीदार पानांची चित्रं पाहून त्यांनाही या यादीत ओढू नका. ती नक्षी त्या झाडांच्या स्वभावातच असते, कायमेरा नव्हे. आणि ती दोन्ही दमट, उष्ण जंगलातली झाडं आहेत. थंडीचा पहिलाच फटका त्यांना संपवतो.

खरा पट्टा की नुसता आजार

सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली कसोटी दिशेची. उभा पट्टा पेशींच्या वंशावळीचा असतो, आडवा पट्टा एखाद्या प्रसंगाचा. पोगा वाढत असताना चार रात्री कडाक्याची थंडी पडली, मूळ सडलं किंवा पोग्याचा मधला भाग उन्हात भाजला, तर पान उघडल्यावर सगळ्या पात्यांवर एकाच उंचीवर फिका आडवा पट्टा दिसतो. पान घडी घालून वाढत असल्यामुळे एकच इजा प्रत्येक घडीवर उमटते आणि नक्षी अगदी मोजूनमापून केल्यासारखी सुबक येते. किड्याने पोगा पोखरला तर उघडलेल्या पानावर रांगेत भोकं दिसतात, तसाच हा प्रकार. सुबकता जास्त असेल तर संशय घ्यावा. खरा कायमेरा बेशिस्त असतो: डावीकडे तीन बोटं रुंद पट्टा, उजवीकडे केसाएवढी रेघ, मध्ये काहीच नाही.

दुसरी कसोटी कडेची. खऱ्या पट्ट्याची कड धारदार असते, हिरवं संपतं तिथे पांढरं सुरू होतं. मध्ये फिकट हिरवी छटा असली तरी तिचीही कड स्वच्छ असते. अन्नद्रव्याच्या कमतरतेत रंग हळूहळू विरत जातो.

तिसरी कसोटी पानाच्या वयाची, आणि त्यासाठी कमतरतांची ओळख हवी. पोटॅशियम कमी पडलं की जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी, उजेडात धरल्यास आरपार दिसणारे ठिपके येतात आणि टोकं वाळतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत जुन्या पानांच्या कडा रुंद पिवळ्या होतात, मधला भाग हिरवा राहतो. अनोळखी नजरेला हे हुबेहूब 'पिवळ्या काठाचं व्हेरिगेशन' वाटतं आणि त्या नावाने विकलंही जातं. लोह कमी पडलं तर नवी पानं फिकी निघतात. मँगनीज कमी पडलं तर नवी पानं फिकी आणि आखडलेली, वाळलेल्या टोकांची निघतात. जमीन किंवा पाणी फार अल्कधर्मी असेल तर या दोन तक्रारी हमखास येतात. अशा रोपाला योग्य खत देऊन पुढची दोन-तीन पानं येऊ द्यायची. 'व्हेरिगेशन' आपोआप गायब होतं.

तणनाशकाचा शिंतोडा हा आणखी एक बनवाबनवीचा उगम. हरितद्रव्य मारणारी काही तणनाशकं, उदाहरणार्थ क्लोमाझोन, पानं अक्षरशः दुधासारखी पांढरी करतात. एका रांगेतली बरीच रोपं एकाच वेळी पांढरी दिसली तर चमत्कार झालेला नाही, फवारणी झाली आहे. लाल कोळीने रस शोषल्यावर येणारा बारीक पांढुरका बुट्टा भिंगाखाली लगेच ओळखू येतो. पानाखाली जाळं आणि हलणारे ठिपके दिसतात. आणि विषाणूमुळे येणारा चट्ट्यापट्ट्यांचा रंग शिरांना जुमानत नाही, पात्यावर तुटक विखुरलेला असतो. असा संशय आला तर ते रोप बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि त्याला लावलेली कात्री दुसऱ्या रोपाला लावू नका.

शोध घ्यायचा तो असा

दोनच रस्ते आहेत: स्वतः बिया पेरून गर्दीत शोधणं, किंवा ज्याला सापडलं त्याच्याकडून घेणं.

पेरणीचा रस्ता संयमाचा, पण त्यात डोळा तयार होतो. ताज्या बिया घ्या. फळाचा गर हातमोजे घालून पूर्ण काढा, कारण गर राहिला की बुरशी येते. एक-दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा. मग जेमतेम ओलसर कोकोपीट आणि परलाइटच्या (पांढऱ्या, हलक्या खड्यांच्या) मिश्रणात, झिप असलेल्या पिशवीत ठेवून द्या. मिश्रण मुठीत दाबलं तर पाणी ठिबकता कामा नये. विंडमिल पामला २० ते २५ अंशांची ऊब पुरते आणि एक ते तीन महिन्यांत मोड दिसतात. साबलला याहून जास्त ऊब आवडते. ब्युटिया (जेली पाम) आणि नीडल पाम मात्र अंत पाहतात. काही बिया वर्ष उलटल्यावर उगवतात, म्हणून पिशवी फेकायची घाई नको. विंडमिल पामचा कोंब आधी खाली शिरतो आणि मग वर पान देतो, तेव्हा कुंडी उथळ नको, खोल हवी.

पहिलं पान पट्टीसारखं, न चिरलेलं येतं. रोज बघण्यात अर्थ नाही. पान पूर्ण उघडल्यावर एकदा सगळा ट्रे उजेडाकडे धरून बघा. तीन प्रकारची रोपं वेगळी दिसतील. पूर्ण पांढरी रोपं बियांतल्या साठ्यावर जगतात. साठा संपला की मरतात, त्यांच्यावर मेहनत घेऊ नका. पूर्ण फिकी-पिवळसर रोपं आठवडाभर चांगल्या उजेडात ठेवा; अंधारात किंवा गारठ्यात उगवलेली असतील तर हिरवी होतील. उरतात रेघ असलेली. त्यांना लगेच वेगळ्या कुंड्यांत हलवा, नंबर द्या आणि प्रत्येक पानाचा फोटो तारखेसह ठेवा. विंडमिल पामचं रोप पहिल्या वर्षी साधारण तीन-चार पानं देतं. माझा नियम असा: लागोपाठ पाच पानांवर, निदान देठाच्या वेढ्यावर तरी, पांढरा भाग दिसल्याशिवाय त्या रोपाला 'व्हेरिगेटेड' म्हणायचं नाही. तोवर ते 'रेघवालं' रोप.

एरवी मोठ्या रोपवाटिकेत जाल तेव्हा मांडून ठेवलेल्या देखण्या रोपांकडे वेळ घालवू नका. एकाच खेपेची शेकडो लहान रोपं जिथे दाटीने ठेवलेली असतात तिथे वाकून बघा. पट्टेदार रोप हिरव्या भावंडांपेक्षा कमजोर आणि बुटकं असतं, म्हणून ते बहुधा मागच्या कोपऱ्यात, काढून टाकायच्या ढिगाजवळ सापडतं. तिथल्या माळ्याला सांगून ठेवणं तर सगळ्यांत उपयोगी. रोज हजारो रोपं हाताळणारी नजर आपल्यापेक्षा आधी टिपते.

विकत घेताना

फोटोवरून घ्यायची वेळ आली तर विक्रेत्याकडे चार फोटो मागा: वरून घेतलेला पोग्याचा, सर्वांत नव्या उघडलेल्या पानाचा, देठांच्या तळांचा, आणि पूर्ण रोपाचा सगळी जुनी पानं दिसतील असा. जुन्या पानावर भरघोस पट्टा आणि नव्या पानावर जेमतेम रेघ असेल तर पट्टा काढता पाय घेतोय असं समजा. उलट पानागणिक पांढरा भाग वाढतोय आणि पोगा जवळपास पूर्ण पांढरा आहे, तर ते रोप उपाशी मरण्याच्या वाटेवर आहे. फोटोत ते सर्वांत सुंदर दिसतं, हीच तर पंचाईत. मला विचाराल तर निम्म्याहून जास्त हिरवं असलेलं, पण पानागणिक सारखं येणारं रोप घ्यावं.

'व्हेरिगेटेड पामच्या बिया' म्हणून पाकिटं विकली जातात, त्यांच्यापासून लांब राहा. बी पाहून आत काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. पट्टेदार मादीच्या खऱ्याखुऱ्या बिया असल्या तरी त्यातून काय निघतं ते पुढे येईलच. ऊतिसंवर्धनातून काढलेलं रोप म्हणून कोणी खात्री देत असेल तरी सावध राहा. त्या पद्धतीत नवं रोप थोड्याशा पेशींपासून, कधी एकाच पेशीपासून तयार होतं, त्यामुळे दोन वंशांची ही जोडी सहज फुटते आणि रोप एक तर हिरवं निघतं किंवा पांढरं.

दुसऱ्या देशातून मागवायचं असेल तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि आयात परवान्याचे नियम आधी बघा. पाममध्ये हे नुसतं कागदी काम नाही. लाल सोंड्या भुंगा आणि पायसांडिसिया नावाचा पतंग, दोघांच्या अळ्या पामच्या गाभ्यात लपून प्रवास करतात. विंडमिल पाम आणि कॅमेरॉप्स त्या पतंगाची आवडती झाडं आहेत. आलेलं रोप काही आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवाच.

कुंडी, उजेड, खत

पांढरा भाग अन्न तयार करत नाही, खातो मात्र सगळ्यांबरोबर. घरात कमावता एक आणि खाणारी तोंडं चार, अशी त्या रोपाची अवस्था असते. त्याच्या बाबतीतला प्रत्येक निर्णय या हिशोबाने घ्यायचा.

कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा थोडीच मोठी घ्या. संथ वाढणाऱ्या रोपाच्या मोठ्या कुंडीत पाणी साचून राहतं आणि मुळं कुजतात. मिश्रणात निम्मं तरी भरड असावं: परलाइट, प्युमिस (हलका, सच्छिद्र दगड), झाडाच्या सालीचे तुकडे. बाकी कोकोपीट आणि थोडं मुरलेलं कंपोस्ट. वरचा थर बोटभर सुकला की भरपूर पाणी द्यायचं आणि जास्तीचं खालून निघून जाऊ द्यायचं. बदलीच्या वेळी मुळांचा गोळा सोडवत बसू नका, पामला ते सोसत नाही. आणि रोप आधी होतं त्याहून खोल लावू नका, नाहीतर गाभा कुजतो.

उजेडाबाबत दोन्ही टोकं वाईट. पांढऱ्या भागाला उन्हापासून वाचवणारी यंत्रणा तोकडी असते, दुपारच्या उन्हात तो तपकिरी होऊन वाळतो. पण सावलीत कोंडलं तर उरलेल्या हिरव्या भागाला पुरेसं अन्न बनवता येत नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर ५० टक्क्यांची शेडनेट, हे बहुतेकांना मानवतं. राफिसला याहून थोडी जास्त सावली चालते. कमी उजेडात ठेवल्याने पट्टे 'वाढतात' किंवा जास्त उन्हात ते 'पक्के होतात' या ऐकीव गोष्टी आहेत. उजेडाने रंगाचा तजेला बदलतो. कोणती पेशी पांढरी हे बदलत नाही.

खताचंही तसंच. नत्र जास्त झालं की हिरवा गडद होतो आणि फिकट पिवळे पट्टे हिरवट दिसू लागतात, म्हणून लोक खतच बंद करतात. तसं करू नका. आधीच अर्धपोटी असलेल्या रोपाला पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि मँगनीज लागतंच. पामसाठीचं हळूहळू विरघळणारं खत, ज्यात नत्र, स्फुरद, पालाश ८-२-१२ आणि सोबत ४ टक्के मॅग्नेशियम असतं, ते हिरव्या रोपाच्या निम्म्या मात्रेत, फक्त वाढीच्या हंगामात द्या. यातून एक छुपा फायदाही होतो: रोपाला पोटभर मिळत असेल तर नंतर दिसणारा पिवळेपणा खरा की उपासमारीचा, हा घोळ राहत नाही.

आणि हिरव्या भागाचं एकही चालू पान केवळ 'शोभत नाही' म्हणून कापू नका. कडा वाळलेल्या असल्या तरी उरलेलं हिरवं पोट भरतंय.

हिवाळा

थंडी सोसण्याचे वर दिलेले आकडे मोठ्या, रुजलेल्या, हिरव्या झाडांचे आणि कोरड्या, अल्पकाळच्या थंडीचे आहेत. पट्टेदार रोपाची साखरेची शिल्लक कमी, खोड जाड व्हायला वर्षं जास्त, आणि पांढरी ऊती गार वाऱ्यात आधी वाळते. म्हणून त्या जातीच्या आकड्यावर अजिबात विसंबू नका. खोड मनगटाएवढं होईपर्यंत मी तरी ते कुंडीतच ठेवीन आणि हिवाळ्यात २ ते १० अंशांच्या उजेडाच्या, हवेशीर जागी हलवीन. उबदार दिवाणखान्यात ठेवल्यास कोरड्या हवेत लाल कोळी तुटून पडतो. कुंडीतल्या रोपाचा खरा धोका पानांना नसतो, मुळांना असतो. जमिनीतलं मूळ उबेत राहतं, कुंडीतला गोळा चहूबाजूंनी गोठतो. बाहेर ठेवायचंच असेल तर कुंडीला गोणपाट किंवा बबलरॅप गुंडाळा आणि ती जमिनीवरून किंचित उचलून ठेवा.

जमिनीत लावलेल्यासाठी क्रम असा: वसंताच्या शेवटी लावा, म्हणजे पहिल्या थंडीपूर्वी पूर्ण हंगाम मुळं पसरायला मिळतो. जागा वाऱ्याच्या आडोशाची, निचऱ्याची. शरदात खत बंद. कडाक्याची थंडी येण्याआधी मुळांवर पाचोळ्याचा १५-२० सेंटिमीटरचा थर, पण खोडाला चिकटवून नको. पानं हलक्या हाताने वर बांधा आणि शेंड्यावर पाऊस-बर्फ पडणार नाही असं छत करा. नुसत्या गारठ्यापेक्षा गाभ्यात साचलेलं पाणी गोठणं जास्त मारक असतं. बागेचं पांढरं कापड गुंडाळलं तर ऊन पडलेल्या दिवशी उघडून हवा लागू द्या. तापमान फारच घसरणार असेल तर जुन्या तारेच्या, तापणाऱ्या बल्बांची माळ कापडाच्या आत सोडतात. एलईडीची माळ इथे कुचकामी, ती गरम होतच नाही.

हिवाळा सरला की पोगा हलकेच ओढून बघा. घट्ट असेल तर उत्तम. उपसून हातात आला तर गाभा सडायला लागला आहे. लगेच कुजका भाग काढून, पोकळीत ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस शांत होऊ द्या, पाणी निथळू द्या आणि वरून झाकून कोरडं ठेवा. तांब्याचं बुरशीनाशक एखाद-दोनदा चालतं. वारंवार ओतलं तर तांबं साचून पामलाच बाधतं. बिंदू जिवंत असेल तर काही आठवड्यांत नवा पोगा सरकताना दिसतो. अशा दुखण्यातून उठलेल्या रोपाचा पट्टा कधी बदललेला असतो, कारण बिंदूचा काही भाग मेलेला असतो.

फुटवे आणि परत हिरवं होणं

बेटाने वाढणाऱ्या जातीत पूर्ण हिरवा फुटवा दिसला की तो लवकर वेगळा करा. तो दुप्पट वेगाने वाढतो आणि सगळी जागा बळकावतो. पूर्ण पांढरा फुटवा बेटाशी जोडलेला आहे तोवर आईच्या जिवावर जगतो. दिसायला छान, पण बेट लहान असेल तर तो भार आहे. वेगळा केला तर मरणारच.

पट्टेदार फुटवा काढायचा तर वसंतात, वाढ सुरू होताना. त्याची स्वतःची मुळं आणि निदान तीन-चार पानं झालेली असावीत. बेट कुंडीतून काढा, माती धुऊन जोड बघा, निर्जंतुक केलेल्या धारदार कात्रीने जोड कापा आणि नव्या कुंडीत सावलीत, दमट हवेत, २० ते २५ अंशांत ठेवा. नवा पोगा हलेपर्यंत खत नाही. कोणता फुटवा निवडायचा? ज्याच्या तळाच्या वेढ्यावर पांढरं-हिरवं बारीक रेघांनी मिसळलेलं आहे तो. तळाशी सरळ एका बाजूला पांढरं आणि दुसऱ्या बाजूला हिरवं असेल तर तो पुढे कुठल्याही एका रंगाकडे झुकू शकतो.

एकट्या खोडाचा विंडमिल पाम हिरवा झाला तर करण्यासारखं काही नाही. कात्री, खत, सावली, कशानेही गेलेली वंशावळ परत येत नाही. देठांचे तळ आणखी पाच-सहा पानं बघत राहा. तिथेही काही नसेल तर तो आता एक चांगला हिरवा पाम आहे.

बियांमधून पुढे नेता येईल का

थोडंफार, आणि तेही मादीकडूनच. बहुतेक सपुष्प वनस्पतींत लवकं आईच्या अंडपेशीतून येतात, परागकणातून नाही. ट्रॅकिकार्पस, राफिस यांत नर आणि मादी झाडं वेगळी. कॅमेरॉप्समध्येही बहुधा तसंच. बदल लवकांतला असेल तर पट्टेदार नराचा पराग हिरव्या मादीवर टाकून सगळी रोपं हिरवीच निघतील. पट्टेदार मादीच्या बियांत मात्र अंडपेशी कोणत्या वंशातून आली त्यानुसार हिरवी, पांढरी आणि क्वचित दोन्ही प्रकारची लवकं घेऊन आलेली रोपं निघतात. म्हणून फुलोरा आल्यावर त्याच्या दांड्याकडे बघा. पांढऱ्या दांड्यावरच्या फळांतून मरणारी पांढरी रोपं येण्याची शक्यता जास्त, हिरव्यावरच्या फळांतून हिरवी. रेघा असलेल्या फांद्यांवरची फळं वेगळी तोडून वेगळी पेरा.

बदल केंद्रकातल्या जनुकात असेल तर हिशोब वेगळा होतो. तिथे नराचाही वाटा असतो आणि पट्टा एक पिढी लपून राहू शकतो. तेव्हा पट्टेदार झाडापासून निघालेली हिरवी रोपं सगळी वाटून टाकू नका. त्यांतली काही, नर आणि मादी दोन्ही निघतील इतकी, 'अमुक झाडाची हिरवी रोपं' अशी चिठ्ठी लावून जमिनीत लावा. फुलल्यावर त्यांचा आपापसांत संकर करा आणि त्या बियांचा ट्रे पुन्हा उजेडाकडे धरून तपासा.